दांड्यावर हात कोणाचा?

२५ जुलै २०२२ रोजी इंदापूर तालुक्यातल्या कडबनवाडीच्या शिवारात एक छोटे शिकाऊ विमान कोसळले. विमान बारामतीहून उडाले होते आणि आत शिकणारी मुलगी एकटीच होती. तिला थोडेफार लागले, पण ती वाचली. आमच्या वडूजपासून तो भाग काही फार दूर नाही. दहिवडी, फलटण, बारामती ओलांडले की इंदापूरच. त्यामुळे चार दिवस इकडेही तोच विषय होता. ‘पोरीच्या हातात विमान दिल्यावर दुसरं काय व्हायचं?’ हे वाक्य त्या आठवड्यात मी तीनदा ऐकले, आणि त्यातले एकदा बाईच्या तोंडून. पुढच्या वर्षी, ऑक्टोबर २०२३ मध्ये, बारामती परिसरातच चार दिवसांत शिकाऊ विमानांचे दोन अपघात झाले. त्या वेळी मात्र विमान कोणाच्या हातात होते, बाईच्या की पुरुषाच्या, हे स्टँडवर कोणी कोणाला विचारल्याचे मला आठवत नाही.

छोटे विमान उतरवायला शिकणे हा विषय आपल्या अंकात कशाला, असे काही मैत्रिणींना वाटेल. टँकर, रोजगार हमी, पोटगीचे दावे यांतून मान वर काढायला सवड नाही, तिथे विमान कुठून आले? पण आमच्या खटाव तालुक्यातली एक मुलगी सध्या वैमानिक होण्यासाठी शिकते आहे. तिच्या विनंतीवरून नाव देत नाही. सुट्टीत गावी आली की ती आमच्या केंद्रावर येते, आणि गेल्या वर्षभरात तिने जे सांगितले ते ऐकताना मला सारखे वाटत राहिले की ही गोष्ट फक्त विमानाची नाही.

आधी उतरणे म्हणजे काय ते समजून घेऊ, कारण मलाही ते ठाऊक नव्हते. मला वाटे, उडवणे अवघड आणि उतरणे म्हणजे नुसते खाली येणे. ती हसली. म्हणाली, ‘ताई, वर जायला विमान आपणहून तयार असतं. खाली आणताना सगळं बाईमाणसाला करावं लागतं.’ धावपट्टीच्या रेषेत यायचे, वेग ठरल्याइतकाच ठेवायचा, आणि जमीन अगदी जवळ आली की इंजिनाची शक्ती काढून घेत विमानाचे नाक हलके हलके वर उचलायचे. म्हणजे जमिनीला टेकायचे असते, पण त्या क्षणी हात काम करतो तो टेकू न देण्याचे. वेग संपत जातो, पंख आता पेलत नाहीत, आणि मग मागची दोन चाके आपणहून टेकतात. नाक लवकर उचलले तर विमान पुन्हा फुगून वर जाते आणि तिथून धपकन पडते. उशिरा उचलले तर पुढचे चाक आधी आपटते. हा सगळा खेळ पाच-सहा सेकंदांचा. पुस्तकात तो वाचता येतो, पण येतो तो डोळ्यांना आणि तळहाताला. भाकरी तव्यावर कधी उलटायची हे जसे कोणी मिनिटे मोजून शिकवू शकत नाही, तसेच.

ही मुलगी पहिल्यांदा सेसना १५२ या विमानावर शिकली. दोन माणसांचे, खांद्याला खांदा लागेल इतके अरुंद. पंख डोक्यावर, त्यामुळे बाजूच्या खिडकीतून खालचे रान स्वच्छ दिसते. त्या विमानावर तिने एकटीने उड्डाण केले, म्हणजे प्रशिक्षक खाली उतरून धावपट्टीच्या कडेला उभा राहिला आणि ती वर जाऊन, चक्कर मारून परत आली. पण त्या संस्थेत विमाने थोडी आणि शिकणारे फार. आठवडेच्या आठवडे पाळी येत नसे. शेवटी तिने संस्था बदलली. नव्या ठिकाणी विमान वेगळे, डायमंड डीए ४०. आणि इथे तिला कळले की आपल्याला ‘विमान उतरवता येते’ हे खरे नव्हते. आपल्याला सेसना उतरवता येत होते.

या विमानाचे पंख खाली असतात आणि लांब असतात. बसल्या जागेवरून खालचे शेत पंखाने झाकलेले. सेसना साठ-एक नॉट वेगाने धावपट्टीवर आणायचे, हे सत्तरच्या पुढे. सेसनाला समोर मोटारीसारखे अर्धे चाक असते, इथे दोन गुडघ्यांच्या मध्ये उभा दांडा. खालचे पंख जमिनीजवळ आले की खालची हवा त्यांना उशीसारखी धरून ठेवते; वेग जरा जास्त असला की विमान टेकतच नाही, धावपट्टीवरून तरंगत पुढे पुढे जाते. टेकल्यावरसुद्धा सुटका नाही. सेसनाचे पुढचे चाक पायातल्या पॅडलने वळते. याचे पुढचे चाक मोकळे, खाटेच्या पायाला बसवलेल्या चाकासारखे. वेग कमी झाला की दिशा द्यायची ती डाव्या-उजव्या ब्रेकने. जुन्या विमानाची सवय पायात मुरलेली, त्यामुळे पहिले काही दिवस ती रेषेवरून वाकडीतिकडीच चालत होती.

अशा अनोळखी विमानावर प्रशिक्षक शेजारी बसतो. दोघांपुढे सारखाच दांडा, सारखीच पॅडले. एकाने हलवले की दुसऱ्याचेही हलते. म्हणून विमान कोणाच्या हातात आहे हे तोंडाने बोलायचे, असा जगभर शिरस्ता आहे. घेणारा म्हणतो ‘आय हॅव कंट्रोल’, देणारा म्हणतो ‘यू हॅव कंट्रोल’. दोघांनी उच्चारल्याशिवाय देवाणघेवाण पुरी होत नाही. मला हा शिरस्ता फार आवडला. आपल्या घरांत, संस्थांत, ग्रामपंचायतींत असे मोठ्याने बोलून कोणी काही देत-घेत असते तर आपली निम्मी भांडणे उरली नसती.

पण तिच्या बाबतीत तो शिरस्ता नुसता तोंडी राहिला. तिथला पहिला प्रशिक्षक वाईट नव्हता. अनुभवी, बोलायला सौम्य, मुलींशी अदबीने वागणारा. ‘यू हॅव कंट्रोल’ म्हणायचा, आणि जमीन जवळ आली की त्याची बोटे त्याच्या दांड्यावर असायची. हलकीशीच. नाक उचलायच्या वेळी तिच्या हातातला दांडा जरासा आपणहून मागे यायचा. विमान सुरेख टेकायचे. ‘छान केलंस,’ तो म्हणायचा. पंधरा-सोळा वेळा असे झाले. बरोबरच्या मुलांना विचारले तर त्यांचे दांडे असे ‘आपणहून’ येत नव्हते. त्यांची विमाने आपटत होती, ते शिव्या खात होते, आणि शिकत होते. हिच्याकडे कौतुकाची थप्पी जमली होती, आणि आपण काय केले हे मात्र ठाऊक नव्हते. तिने एक छोटी वही केली. दर वेळी उतरल्यावर तीत एकच गोष्ट लिहायची: ‘मी’, ‘ते’ किंवा ‘सांगता येत नाही’. वही मी पाहिली आहे. पहिल्या दोन पानांवर ‘सांगता येत नाही’ हेच सगळ्यांत जास्त आहे.

ही वही मला आपल्या चळवळीच्या कितीतरी अहवालांपेक्षा प्रामाणिक वाटते.

काळजीपोटी ठेवलेला हात दिसत नाही, म्हणून त्याच्याशी भांडता येत नाही. वडूजमध्ये बायका स्कूटर शिकतात तेव्हा मागची कॅरिअर धरून नवरा पळत असतो. ती वळून विचारते, ‘धरलंय ना?’ तो म्हणतो, ‘धरलंय.’ कोणी खरेच धरलेले असते, कोणी सोडलेले असते. सोडले तेव्हा ती चालवायला लागते. पण जो सोडतच नाही त्याचे काय? महाराष्ट्रात पंचायतींमध्ये एक तृतीयांश आरक्षणानंतर २०११ पासून निम्म्या जागा बायकांच्या झाल्या. सरपंचबाईच्या शेजारच्या खुर्चीवरचा ‘सरपंचपती’ आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा आहे. सभा व्यवस्थित होते, ठराव बिनचूक लिहिला जातो, विमान सुरेख टेकते. आणि केवळ नवरेच कशाला? बचत गटाचे हिशेब पाच-पाच वर्षे संस्थेची कार्यकर्तीच लिहून देते, कारण ‘बायकांना चुकेल’. मोर्चाचे निवेदन शहरातली ताईच लिहिते. सौम्य बोटे सगळीकडे आहेत.

इथे विमान वाहतुकीचा कायदा आपल्या पंचायत कायद्याच्या पुढे आहे, असे मी म्हणेन. व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी भारतात दोनशे तासांचे उड्डाण लागते, आणि त्यातले शंभर तास विमानाची जबाबदारी स्वतःवर घेऊन करावे लागतात. म्हणजे कायदाच प्रशिक्षकाला म्हणतो, बाबा, आता खाली उतर. एकटीने केलेले तास वेगळ्या रकान्यात मांडले जातात आणि त्या रकान्यात दुसऱ्या कोणाचा तास चालत नाही. सरपंचबाईने पतीला बाहेर बसवून घेतलेल्या सभा अशा वेगळ्या रकान्यात मोजायचे ठरवले तर काय आकडे निघतील?

हे नवीन नाही. सरला ठकराल यांनी १९३६ साली लाहोरला जिप्सी मॉथ विमानावर परवाना मिळवला, साडी नेसून, घरी चार वर्षांची मुलगी असताना. त्या विमानात दोन उघड्या बैठका एकामागे एक असत. शिकवणारा पुढे, शिकणारा मागे. एकट्याने उडवायचे तेव्हाही मागच्याच बैठकीवरून उडवायचे. म्हणजे पहिल्या एकट्या उड्डाणात डोळ्यांसमोर शिक्षकाची रिकामी जागा. आपल्या सौदामिनी देशमुख १९८५ साली फक्त स्त्रियांनी चालवलेल्या इंडियन एअरलाइन्सच्या उड्डाणाच्या कप्तान होत्या, फोकर फ्रेंडशिपवर. पुढे त्या बोइंग ७३७ वर गेल्या, आणि १९९४ मध्ये एअरबस ए ३२० वर. प्रत्येक वेळी विमान बदलले, म्हणजे प्रत्येक वेळी कप्तान असलेली बाई पुन्हा शिकाऊ होऊन कोणाच्या तरी शेजारी बसली असणार. अलीकडे, २०१९ मध्ये, मुंबईच्या आरोही पंडितने अटलांटिक आणि मग पॅसिफिक महासागर एका हलक्या विमानातून एकटीने ओलांडला. तिचे पिपिस्ट्रेल सायनस हे विमान ग्लायडरच्या जातीचे, लांब पंखांचे. अशी विमाने जमिनीजवळ आली की खाली यायचे नावच घेत नाहीत. पंखांवरच्या हवारोधक पट्ट्या उघडून त्यांना खाली बसवावे लागते. बर्फाळ बेटांवरच्या अनोळखी धावपट्ट्यांवर ते शेजारी कोणी नसताना करायचे होते.

भारतात वैमानिकांमध्ये सुमारे पंधरा टक्के स्त्रिया आहेत आणि जगात सुमारे पाच टक्के, असे सरकारने संसदेत सांगितले आहे. अभिमान वाटावा असाच आकडा. पण या पंधरांत खटाव-माणची किती? शिकायला चाळीस-पन्नास लाख रुपये लागतात, कित्येकदा त्याच्याही वर. आमच्या या मुलीचे वडील गलाईवाले आहेत. आमच्याकडची, विट्याकडची कितीतरी घरे परमुलखात सोने-चांदी गाळण्याचा धंदा करतात, त्यांपैकी एक. दुकान चालते म्हणून पैसा उभा राहिला, आणि त्यांनी मुलाला दुकान, मुलीला परवाना अशी वाटणी केली. भावकीने ऐकवले, ‘एवढ्यात दोन लग्नं झाली असती.’ ज्या घरात दुकान नाही, दोन एकर कोरडवाहू आहे, तिथे ही वाटणी सुचणारही नाही.

आपल्याच जिल्ह्यातल्या सुरेखा यादव आठवा. साताऱ्याच्या शेतकरी कुटुंबातली मुलगी, कराडच्या शासकीय तंत्रनिकेतनातून इलेक्ट्रिकलची पदविका घेते, १९८० च्या दशकात रेल्वेत शिकाऊ सहाय्यक चालक म्हणून लागते आणि देशातली पहिली स्त्री रेल्वेचालक होते. २०११ च्या महिला दिनी डेक्कन क्वीन, २०२३ मध्ये सोलापूरहून मुंबईला वंदे भारत, आणि ३० सप्टेंबर २०२५ ला निवृत्ती. त्यांना कोणी पन्नास लाख मागितले नाहीत. शिकण्याचा खर्च रेल्वेने केला. विमानाच्या बाबतीत शिकण्याचा प्रत्येक तास मुलीच्या बापाच्या खिशातून जातो. साहजिकच दांडा न सोडणारा प्रशिक्षक महाग पडतो! जो तास ‘सांगता येत नाही’ म्हणून वहीत जातो, त्याचेही हजारो रुपये मोजलेले असतात.

आणि दार त्याच्याही आधी बंद होते. १९९० च्या दशकाच्या मध्यापासून या परवान्यासाठी बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित लागते. ही अट काढण्याची चर्चा २०२५ मध्ये सुरू झाली. आमच्याकडे दहावीनंतर भाऊ सायन्सला आणि बहीण आर्ट्सला, हे न बोलता ठरते. शिकवणीचा खर्च, एसटीच्या वेळा, संध्याकाळचे प्रॅक्टिकल, कारणे सगळ्यांना पाठ आहेत. साताऱ्याची सैनिक शाळा १९६१ मध्ये सुरू झाली. मुलींना तिथे प्रवेश मिळायला २०२१ उजाडले. खडकवासल्याच्या प्रबोधिनीतून मुलींची पहिली तुकडी, सतरा जणींची, ३० मे २०२५ ला बाहेर पडली. साठ-सत्तर वर्षे त्या इमारती आपल्या डोळ्यांदेखत उभ्या होत्या.

एक गोष्ट मात्र नीट बोलली पाहिजे. वर मी सौम्य बोटांबद्दल लिहिले. सगळीच बोटे सौम्य नसतात. दांडा गुडघ्यांच्या मध्ये, जागा अरुंद, कानावर हेडफोन, दार आकाशात उघडत नाही. ‘चुकून’ लागलेला हात कुठे संपतो आणि दुसरे काय सुरू होते हे त्या मुलीला नेमके कळते, पण बोलायची सोय नसते, कारण तासांच्या नोंदीवर सही त्याचीच. अशा गोष्टी मुली वसतिगृहात एकमेकींना सांगतात, कार्यालयात नाही. कामाच्या ठिकाणी लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा नोकरदार बाईपुरता नाही. तिथे शिकायला आलेल्या मुलीलाही तो लागू होतो, आणि दहा किंवा अधिक माणसे कामाला असतील तिथे अंतर्गत समिती असणे सक्तीचे आहे. आपल्या भागात विमान शिकवणाऱ्या संस्था आहेत. त्यांच्या फाटकाशी जाऊन ‘तुमची समिती कुठे आहे, तिच्यात बाहेरची सदस्य कोण?’ एवढे विचारायला आपल्याला विमान यावे लागत नाही. नागरी विमान वाहतूक महासंचालनालय २०२५ पासून या संस्थांची श्रेणी लावू लागले आहे. त्यात मुलींना कारण न सांगता प्रशिक्षक बदलून मिळतो का, हा प्रश्न का नसावा? तो मिळाला तर त्रास देणाराही सुटत नाही आणि नुसता काळजीवाहूही.

आमच्या मुलीला तो बदलून मिळाला, तोही योगायोगाने. पहिला प्रशिक्षक रजेवर गेला. नवीन आली ती पन्नाशीची बाई, कमी बोलणारी. बसल्या बसल्या तिने आपले दोन्ही हात मांडीवर पालथे ठेवले, मुलीला दिसतील असे. पहिल्या खेपेला वेग जास्त होता. विमान तरंगत राहिले, निम्मी धावपट्टी मागे गेली. मुलगी वाट पाहत होती दांडा आपणहून मागे येण्याची. तो आला नाही. शेजारची बाई समोर बघत म्हणाली, ‘पुरे वाटत असेल तर परत जा.’ म्हणजे इंजिन पुरे उघडायचे, वर जायचे, चक्कर मारून पुन्हा यायचे. विमानात याला नापास होणे म्हणत नाहीत. उतरणे जुळत नसेल तर वर जाणे हीच शहाणी गोष्ट, आणि तो निर्णय जो दांडा धरून आहे त्याचा. मुलगी म्हणाली, ‘ताई, मला ते पटायलाच दोन दिवस लागले. आपल्याकडे सुरू केलेलं सोडायचं नसतं ना.’ खरे आहे. जुळत नसलेल्या लग्नातून परत आलेल्या किती जणींना आपण केंद्रावर रोज भेटतो, ज्यांना ‘टेकलीच नाहीस’ म्हणून ऐकून घ्यावे लागते.

दुसऱ्या खेपेला विमान आपटले, उसळले, पुन्हा आपटले. बाईचे हात मांडीवरच. तिसऱ्यांदा पुन्हा वर जाणे. चौथ्यांदा मागची चाके करकरली, पुढचे चाक सावकाश खाली आले, विमान जरा डावीकडे ओढले गेले, तिने उजवा ब्रेक दाबून ते रेषेवर आणले. कोणी ‘छान’ म्हणाले नाही. बाईंनी विचारले, ‘अजून दोन करायचेत?’ वहीत त्या दिवशीच्या पानावर सहा ओळी आहेत आणि सहाही ‘मी’. त्यांतल्या दोनपुढे कंसात ‘आपटलं’ असे लिहिले आहे.

तिचे अजून साठेक तास व्हायचे आहेत. आडव्या वाऱ्यात उतरणे तिला अजून नीट जमत नाही, आणि आमच्याकडे वैशाखात वारा कसा सुटतो हे तिला माहीत आहे. शेवटच्या हप्त्यासाठी वडील बँकेत गेले तेव्हा साहेबांनी पहिला प्रश्न मुलीच्या लग्नाचा केला. दिवाळीला ती वडूजला येणार आहे. परिसरातल्या नववी-दहावीच्या मुलींशी तिने बोलावे असे आम्ही ठरवले आहे, अकरावीचे अर्ज भरायच्या पुरेसे आधी. बरोबर ती वही आणणार आहे.